पुरात भिजलेल्या डिस्क : प्रकल्प नोंदी

काम : जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा भिजलेल्या एका पेटीतल्या डिस्कमधला मजकूर बाहेर काढणं. भाषणं, नाटकांच्या तालमी, सत्कार समारंभ, जुन्या हस्तलिखितांचे स्कॅन असा ऐवज आहे. काळ : जानेवारी-फेब्रुवारी २०२५. जागा : पुणे. कोकणातल्या दमट हवेत पेटी उघडायची नाही हे आधीच ठरलं होतं. कामाच्या खोलीत २४ अंश सेल्सिअस, आर्द्रता ४४ टक्के.

६ जानेवारी

मोजदाद झाली. एकूण १८६. कारखान्यात छापलेल्या सीडी २२, घरी एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आर ९१ (त्यात ३४ व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी), पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यू ७, डीव्हीडी-आर आणि प्लस-आर मिळून ६१, कॅमकॉर्डरच्या ८ सेंमीच्या मिनी डीव्हीडी ५.

प्रकार ओळखायला खालची बाजू पुरते. स्वच्छ रुपेरी असेल तर छापील. हिरवट, निळसर किंवा फिकट पिवळी असेल तर सीडी-आर. हा रंग आतल्या डायचा, म्हणजे ज्यावर लेझर लिहितो त्या रंगथराचा. गडद निळी म्हणजे अॅझो नावाचा डाय. जांभळट दिसली तर बहुधा डीव्हीडी-आर. मळकट करडी म्हणजे आरडब्ल्यू. डिस्क तिरपी धरली की लिहिलेला भाग आणि कोरा भाग यांच्यातली कड वर्तुळासारखी दिसते. म्हणजे वाचायला लावण्याआधीच किती मजकूर आहे याचा अंदाज येतो. वीस डिस्क ड्राइव्हमध्ये घालून 'कोरी आहे' हे ऐकण्यापेक्षा हे बरं.

क्रमांक पाकिटावर घातले, डिस्कवर नाही. डिस्कवर लिहायचंच झालं तर मध्यभागच्या पारदर्शक कड्यावर, तेही पाण्याच्या शाईच्या पेनने. तिथे डेटा नसतो. सीडीचा कार्यक्रमाचा भाग केंद्रापासून २५ मिमीवर सुरू होतो. स्पिरिटच्या शाईचा मार्कर लेबलच्या बाजूला चालवला तर शाईतलं द्रावण पातळ लॅकरमधून, म्हणजे वरच्या संरक्षक लेपातून, खाली झिरपू शकतं.

धुण्याआधी प्रत्येक डिस्कच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले. घरच्या प्रिंटरवर छापलेली नावं पाण्याने विरघळतात आणि काही डिस्कची ओळख त्या नावापुरतीच उरली आहे.

७ जानेवारी

नवीन आलेल्या दोन मदतनिसांसाठी आज हातात डिस्क घेऊन रचना समजावली. ती इथे लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच उभे आहेत.

सीडी १.२ मिमी जाड, जवळजवळ सगळी पॉलिकार्बोनेटची. या प्लास्टिकच्या वरच्या अंगाला, म्हणजे लेबलच्या बाजूला, खड्ड्यांची एक सर्पिल वाट आतून बाहेर जाते. खड्डा अर्धा मायक्रॉन रुंद, शेजारच्या दोन वाटांत १.६ मायक्रॉन अंतर. त्यावर धातूचा अतिशय पातळ थर, त्यावर काही मायक्रॉनचं लॅकर, आणि त्यावर छपाई. मजकूर आणि आपलं बोट यांच्यात खालून सव्वा मिलिमीटर प्लास्टिक आहे, वरून मात्र केसाच्या जाडीपेक्षाही पातळ लॅकर.

लोक डिस्क टेबलावर ठेवताना चकचकीत बाजू जपतात आणि लेबलची बाजू खाली घासतात. नेमकं उलटं.

लेझरचा झोत खालून आत शिरतो तेव्हा पृष्ठभागावर त्याचा ठिपका सुमारे ०.८ मिमी असतो. धातूच्या थरापाशी तो दीड-पावणेदोन मायक्रॉनपर्यंत आवळला जातो. त्यामुळे खालच्या पृष्ठभागावरचा बारीक चरा फोकसबाहेर राहतो. चष्म्याच्या काचेवरचा धुळीचा कण लांबचं बघताना दिसत नाही, तसंच. डीव्हीडीत मजकूर मधोमध, ०.६ मिमीच्या दोन चकत्यांच्या सांध्यात असतो, म्हणून वरच्या ओरखड्याला ती सीडीपेक्षा खंबीर आहे. ब्लू-रेत मजकूर खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमी आत, आणि त्यावर कडक लेप. आपल्याकडे ब्लू-रे एकही नाही.

आणखी एक गैरसमज : 'खड्डा म्हणजे एक, सपाट म्हणजे शून्य'. तसं नाही. खड्ड्याची कड आली की एक. खड्डा किंवा सपाट जागा चालू असेपर्यंत शून्यं. आठ बिटांचा प्रत्येक गट १४ बिटांत बदलून लिहिला जातो आणि दोन गटांमध्ये ३ जोडबिटं घातली जातात. हेतू एवढाच, की कडा फार जवळ येऊ नयेत आणि फार लांबही जाऊ नयेत. सीडी-आरमध्ये खरा खड्डा नसतोच. लेझरने डाय भाजतो, तिथून कमी प्रकाश परततो, आणि वाचणाऱ्याला तो खड्ड्यासारखाच वाटतो. भाजलेला आणि न भाजलेला भाग यांच्यातला फरक वर्षांनुवर्षं पुसट होत जातो. त्याला वेग देणारी जोडी म्हणजे ऊन आणि ऊब.

८ जानेवारी

धुलाई. पुराच्या गाळात बारीक वाळू असते आणि ती पॉलिकार्बोनेटपेक्षा कठीण असते. कोरड्या फडक्याने एक हात फिरवला तर पुराने केलं नाही तेवढं नुकसान आपण करू.

पद्धत : कोमट पाण्यात १५ मिनिटं बुडवून गाळ सुटू द्यायचा. मग नळाच्या बारीक धारेखाली. मग एक लिटर पाण्यात भांडी घासायच्या बिनवासाच्या साबणाचे दोन थेंब, बोटांच्या पेरांनी हलकेच. शेवटी डिस्टिल्ड पाणी, नाहीतर नळाच्या पाण्यातल्या क्षारांचे डाग वाळल्यावर राहतात. मायक्रोफायबरने टिपायचं, आणि पुसायचंच तर केंद्राकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल फिरवायचं नाही.

गोल का नाही, याचं कारण चुकांच्या दुरुस्तीत आहे. सीडीवर एका गटातली बाइट्स सलग न लिहिता शंभराहून जास्त फ्रेम्समध्ये, म्हणजे मजकुराच्या छोट्या ठरावीक तुकड्यांमध्ये, पांगवलेली असतात. एकाच घरची सगळी माणसं एका पंगतीला न बसवण्यासारखं : एक पंगत उधळली तरी प्रत्येक घरातलं एखादंच माणूस उपाशी राहतं. या सोयीमुळे वाटेवरचं सुमारे अडीच मिमीचं सलग नुकसान पूर्ण भरून निघतं. केंद्राकडून कडेकडे गेलेला चरा प्रत्येक फेऱ्यात वाटेला जेमतेम त्याच्या रुंदीएवढा छेदतो. गोल चरा मात्र वाटेच्या बाजूने चालतो आणि अडीच मिमी कधीच ओलांडून जातो.

वाळवताना डिस्क उभ्या ठेवल्या, जुन्या ताटाळ्यात. ऊन नाही, हेअर ड्रायर नाही.

अपवाद : लॅकर तडकलेल्या किंवा कडेचा धातू उडालेल्या डिस्क (एकूण ११) बुडवल्या नाहीत. पाणी थराखाली शिरलं की धातू उचलला जातो. त्यांची फक्त खालची बाजू ओल्या फडक्याने पुसली.

९ जानेवारी

चिकटलेली कागदी लेबलं. सीडीवरचं लेबल ओढायचं नाही. गोंदाची पकड लॅकरच्या पकडीपेक्षा जास्त असते; लेबलबरोबर धातूचा पापुद्राही येतो आणि हातात पारदर्शक प्लास्टिक उरतं. त्या डिस्कचं मग काहीच होत नाही.

डीव्हीडीवरच्या लेबलाची तक्रार वेगळी. धातू आत सुरक्षित असतो, पण कागद भिजून वाळताना आकसतो आणि डिस्क वाकवतो. डीव्हीडीला त्रिज्येच्या दिशेने जेमतेम ०.८ अंश कल चालतो. ११७ क्रमांकाची डीव्हीडी-आर काचेवर ठेवली तर कड डोळ्यांना दिसेल इतकी उचलली गेली आहे. आतला अर्धा भाग वाचला जातो, बाहेर गेलं की ड्राइव्ह गुरगुरतो. तिच्यावर नाटकाच्या तालमीचं चित्रण आहे, आणि दुसरी प्रत नाही. बाजूला ठेवली.

११ जानेवारी

वाचनाची मांडणी. दोन ड्राइव्ह : एक जुना, डेस्कटॉपमध्ये बसणारा, एक नवा, यूएसबीचा. मुद्दाम वेगळ्या बनावटीचे. लेझरची ताकद, फोकस सांभाळणारी यंत्रणा, आतला प्रोग्रॅम, सगळंच वेगळं असतं. एकाला न दिसलेला सेक्टर, म्हणजे मजकुराचा ठरावीक मापाचा ठोकळा, दुसऱ्याला सहज दिसतो.

फाइल एक्सप्लोररमधून कॉपी करायचं नाही. पहिला खराब सेक्टर आला की ते अख्खी फाइल सोडून देतं. लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कमधला डेटा वाचवणारा प्रोग्रॅम वापरतो, ब्लॉकचं माप २०४८ बाइट. फेऱ्या अशा :

पहिली फेरी जुन्या ड्राइव्हवर, अडलेल्या जागी न रेंगाळता. निरोगी भाग आधी हाती येतो. दुसरी फेरी त्याच ड्राइव्हवर, फक्त राहिलेल्या सेक्टरवर, तीन प्रयत्न. मग डिस्क काढून नव्या ड्राइव्हमध्ये, तीच नकाशा फाइल देऊन. कोणते सेक्टर मिळाले, कोणते राहिले याची नोंद त्या फाइलमध्ये असते, म्हणून दुसरा ड्राइव्ह उरलेलंच वाचतो. अजून काही राहिलं तर एक फेरी उलटी, शेवटाकडून. नकाशा फाइल हरवली तर सगळं काम पहिल्यापासून.

वेग मुद्दाम कमी ठेवला : सीडीला ८ पट, डीव्हीडीला ४ पट. ५२ पट वेगाला तडा गेलेली डिस्क ड्राइव्हमध्ये फुटू शकते. मध्यभागच्या भोकापासून निघालेला तडा असेल तर ती डिस्क मुळात घालायचीच नाही. अशा दोन निघाल्या.

१३ जानेवारी

पहिल्या ४० सीडी-आर झाल्या. पैकी १९ डिस्कवर एकच रड : अगदी शेवटचे दोन सेक्टर मिळत नाहीत. हे नुकसान नाही. एकेक ट्रॅक सुटा लिहिण्याच्या पद्धतीने लिहिलेल्या डिस्कवर लिखाण थांबवताना ड्राइव्ह शेवटी दोन भरतीचे सेक्टर टाकतो. ते कधीच नीट वाचता येत नाहीत. खात्री करायची तर १६व्या सेक्टरमध्ये फाइलप्रणालीचा एकूण आकार लिहिलेला असतो. तो आणि हाती आलेला आकार ताडून बघायचा. जुळला तर 'पूर्ण' अशी नोंद. याची माहिती नसेल तर माणूस धडधाकट डिस्क पाच-पाच तास फिरवत बसतो.

१४ जानेवारी

संक्रांत. सुट्टी. तिळगुळाच्या हातांनी डिस्कला शिवायचं नाही, असंही ठरलं.

१६ जानेवारी

व्हीसीडी. महाराष्ट्रात २००० च्या आसपासची लग्नं, मुंजी, सत्कार, सगळं यांच्यावर आहे, आणि वाचवायला सगळ्यात अवघड ह्याच.

नेहमीच्या डेटा सीडीवर २३५२ बाइटच्या सेक्टरमध्ये मजकूर २०४८ बाइटचा. उरलेल्यात चुका ओळखायचे ४ आणि दुरुस्त करायचे २७६ बाइट. ऑडिओ सीडीइतकी दोन टप्प्यांची दुरुस्ती तर असतेच, त्यावर हे तिसरं कवच. व्हीसीडीने चित्रासाठी जागा हवी म्हणून हे तिसरं कवच काढून टाकलं. तिच्या सेक्टरमध्ये २३२४ बाइट मजकूर आहे. ७४ मिनिटांच्या डिस्कवर ३,३३,००० सेक्टर, म्हणजे डेटा सीडीच्या ६५० एमबीपेक्षा बरंच जास्त बसतं. किंमत अशी की पहिल्या दोन टप्प्यांना न सावरणारा ओरखडा पडला तर पुढे कोणी नाही.

पॅल (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ चित्रं, एमपेग-१ या व्हिडिओच्या प्रकारात. डीएटी नावाची फाइल दिसते, पण ती फाइल म्हणून उचलली की दोन भानगडी : विंडोज त्यात कच्चे २३५२ बाइटचे सेक्टर आणि स्वतःचं शीर्ष घालून देतं, आणि खराब सेक्टर आला की सीआरसी त्रुटी (तपासणीचा आकडा जुळत नाही) म्हणून थांबतं. डीडीरेस्क्यूही इथे उपयोगाचं नाही, कारण ते २०४८ चे ठोकळे मागतं आणि चित्राचे सेक्टर त्या मापाचे नाहीतच.

आपण सीडीआरडीएओ या प्रोग्रॅमने पूर्ण ट्रॅक कच्चा वाचला आणि मग व्हीसीडीइमेजर या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या उतारा काढणाऱ्या साधनाने त्यातून एमपेग काढलं. चुकीचे सेक्टर तसेच राहू दिले. एमपेगमध्ये पूर्ण चित्र सुमारे अर्ध्या सेकंदाने एकदा येतं, त्यामुळे एक सेक्टर गेला तर तेवढा वेळ चौकोन दिसतात आणि पुढचं पूर्ण चित्र आलं की सावरतं. नव्याने एन्कोड करून हे चौकोन 'सुधारायचे' नाहीत. मूळ एमपेग जसं आहे तसं जतन. पाहण्यासाठीची प्रत वेगळी.

३४ पैकी २५ स्वच्छ, ६ मध्ये चौकोन, ३ अर्ध्यावर बंद.

२० जानेवारी

रबरबँड. पेटीतला १४ सीडी-आरचा एक गठ्ठा रबरबँडने बांधलेला होता. त्यातल्या ५ डिस्कच्या कडेपासून आत काळपट तपकिरी डाग पसरलेत. या सीडी-आरचा परावर्तक थर चांदीचा आहे आणि रबर मुरवायला गंधक वापरतात. देवघरातली चांदीची निरांजनं काळी पडतात तीच क्रिया. सोन्याचा थर असलेल्या गोल्ड सीडी-आरला ही भीती नसते. छापील सीडीचा थर बहुधा अॅल्युमिनियमचा असतो. ती गंधकाने काळी पडत नाही, पण कडेचं लॅकर अपुरं असेल तर हवा-पाण्याने गंजते.

याची मोठी आवृत्ती इंग्लंडमध्ये लँकेशरच्या ब्लॅकबर्न इथल्या कारखान्यात घडून गेली आहे. १९८८ ते १९९३ च्या काळातल्या तिथल्या अनेक सीडी तपकिरी पडल्या. चांदीचा थर, त्यावर गंधकापुढे न टिकणारं लॅकर, आणि पुस्तिकेच्या कागदातलं गंधक, असा तिघांचा मेळ.

आपल्या पाचपैकी चार डिस्कचे डाग बाहेरच्या कडेला आहेत आणि लिखाण आतूनच सुरू होतं. अर्धी भरलेली डिस्क सुदैवी ठरली. चारही पूर्ण. पाचवी ७०० एमबी काठोकाठ भरलेली. तिच्यातले शेवटचे ८० एमबी गेले.

२३ जानेवारी

'चालतेय ना, मग ठीक आहे' याची परीक्षा. ड्राइव्ह दुरुस्त करून देतो तोवर वरून काही कळत नाही. काही ड्राइव्ह दुरुस्तीचे आकडे सांगतात. सीडीवर सेकंदाला ७३५० फ्रेम्स येतात. त्यातल्या चुकीच्या फ्रेम्सची सरासरी २२० च्या आत असावी असं मानक सांगतं. दुसऱ्या टप्प्यालाही न सुटलेल्या चुका शून्य हव्यात. डीव्हीडीत सलग आठ ब्लॉकमध्ये २८० ही मर्यादा.

चांगली दिसणारी एक सीडी-आर आतल्या भागात ३०-४० वर आणि बाहेरच्या भागात ९०० वर निघाली. वरून स्वच्छ, चरा नाही. डाय म्हातारा झालाय. ऑडिओ सीडी असेल तर हे आणखी लपतं. प्लेअर न मिळालेला नमुना आजूबाजूच्यांवरून अंदाजाने भरतो आणि कानाला कळत नाही. या आकड्यांवरून रांग बदलली : जास्त चुका त्या आधी.

२७ जानेवारी

मिनी डीव्हीडी. पाचपैकी तीन संगणकाला 'कोऱ्या' दिसतात. खालून पाहिलं तर लिहिलेलं कडं स्पष्ट आहे. चित्रीकरणानंतर कॅमेऱ्यात डिस्क 'फायनलाइज' केलीच नव्हती, म्हणून आतला अनुक्रम आणि शेवटाची खूण लिहिली गेलेली नाही. ज्या कंपनीच्या कॅमेऱ्यात लिहिली तसाच कॅमेरा मिळाला तर त्यातूनच फायनलाइज करणं उत्तम. तसा एक उसना मिळाला, दोन सुटल्या. तिसरीसाठी आयसोबस्टर हा डिस्कमधला डेटा वाचवणारा प्रोग्रॅम वापरून कच्चे सेक्टर उचलले आणि व्हिडिओच्या शीर्षांवरून तुकडे जोडले. फायनलाइज करणं म्हणजे डिस्कवर लिहिणं. आधी मिळेल ते वाचून घेतल्याशिवाय करायचं नाही.

८ सेंमीची डिस्क फटीतून ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नये. अडकते.

३० जानेवारी

खालच्या चऱ्यांसाठी घासणी. वाचनाच्या सगळ्या फेऱ्या संपल्यावरच, आणि ज्या डिस्कचा दोष प्रकाशात धरल्यावर खालच्याच बाजूला दिसतो त्यांनाच. वरच्या बाजूचा दोष ओळखायला सोपा : ट्यूबलाइटकडे धरली की टाचणीच्या टोकाएवढी उजेडाची भोकं दिसतात. तिथे धातू नाही. त्याला घासणी, मेण, टूथपेस्ट, काहीच लागू नाही.

टूथपेस्टबद्दल विचारणा होतेच. तिच्यात बारीक घर्षक असतो, म्हणून काम होतं खरं, पण प्रत्येक नळीतला दाणा वेगळा. प्लास्टिकसाठीचं पॉलिश घेतलं, तेही केंद्राकडून कडेकडे. ९ डिस्कवर करून ६ सुटल्या. अॅसिटोन, पेट्रोल, थिनर यांना पॉलिकार्बोनेट विरघळतं किंवा पांढरं पडतं. बाटल्या खोलीबाहेर.

३ फेब्रुवारी

बुरशी. सहा डिस्कवर लेबलच्या बाजूला राखाडी ठिपके. मास्क लावून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने टिपले. पाचांवर बुरशी पुस्तिकेच्या चिकटलेल्या कागदावरच वाढलेली. सहावीवर कडेपासून आत नागमोडी, पारदर्शक वाटा. त्या जागी धातू दिसत नाही. बेलीझमधल्या एका सीडीत जिओट्रिकम बुरशी थर खात आत गेल्याचं २००१ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी दाखवलं होतं. आपल्या सहावीत काय आहे ते सूक्ष्मदर्शकाशिवाय सांगता येणार नाही. वाचली नाही.

६ फेब्रुवारी

ताळा. पूर्ण १६१, अंशतः १७, अजिबात नाही ८. सगळ्या इमेजची (डिस्कच्या जशाच्या तशा फाइल-प्रतींची) एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे मजकूर बदलला तर बदलणारा तपासणीचा आकडा, काढून यादीत टाकली. दोन हार्ड डिस्कवर प्रती, तिसरी दुसऱ्या गावी. सहा महिन्यांनी बेरजा पुन्हा ताडायच्या. तारीख कॅलेंडरवर घातली.

मूळ डिस्क टाकायच्या नाहीत. डब्यांत उभ्या, अंधारात, २० ते ५० टक्के आर्द्रता राहील अशा कपाटात. रबरबँड नाही, पीव्हीसीची मऊ पाकिटं नाहीत.

८ फेब्रुवारी

क्रमांक ११७. दोन जाड काचांमध्ये टिपकागद घालून वर वजन ठेवून दोन दिवस दाबली. काढल्या काढल्या जुन्या ड्राइव्हमध्ये, सगळ्यात कमी वेगाला. पाऊण तास सपाट राहिली, मग पुन्हा उचलायला लागली. असं तीन वेळा, तीच नकाशा फाइल घेऊन, शेवटची फेरी बाहेरच्या कडेकडून आत.

राहिले ४८ सेक्टर. डीव्हीडीवर दुरुस्तीचा ठोकळा १६ सेक्टरचा असतो आणि गेला तर अख्खा जातो, म्हणजे हे तीन ठोकळे, ९६ केबी. तिन्ही दुसऱ्या अंकाच्या फाइलमध्ये पडतात. पडद्यावर एक सेकंदाहून कमी. वजन पुन्हा ठेवलं आहे. सोमवारी नव्या ड्राइव्हवर.